खान्देशातली लोकसंस्था: तापीकाठी एक तऱ्हा, सातपुड्यात दुसरी

गोमाईकाठ

मंडळी, धागा काढायचं कारण आधी सांगतो. मी शहादा-तळोदा पट्ट्यात एका लहान संस्थेत काम करतो. मध्यंतरी एका कंपनीने सामाजिक निधीसाठी राज्यातल्या लहान संस्थांची बैठक घेतली. तिथे जिल्हावार तक्ता होता. नोंदणी किती जुनी, वर्षाची उलाढाल किती, पगारी माणसं किती, किती वर्षांचं ऑडिट तयार आहे. पुणे, नगर, वर्धा वर. जळगाव मधे कुठेतरी. नंदुरबार तळाला. त्यावरून निष्कर्ष असा काढला की नंदुरबारात लोकांनी स्वतः उभं केलेलं काम फारसं नाही, तेव्हा आधी बाहेरच्या मोठ्या संस्थेने तिथे जाऊन स्थानिकांना तयार करावं.

मला हे मुळातूनच अमान्य आहे.

शहाद्यात १९७१ साली पाटीलवाडीला भिल्ल मजुरांवर गोळीबार झाला. त्याआधीपासून आदिवासी कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती या भागात फिरत होते. ३० जानेवारी १९७२ ला शहाद्यात भूमिमुक्ती मेळावा झाला. त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. गहाण पडलेल्या, फसवून घेतलेल्या जमिनी परत मिळवायच्या, सालदाराला (वर्षाच्या करारावर राबणाऱ्या शेतगड्याला) माणसासारखं वागवायचं, दुष्काळात रोजगार हमीचं काम मागायचं, ही तिची कामं. पुण्या-मुंबईची शिकलेली पोरंही आली, कुमार शिराळकर त्यातले, पण गावोगाव बैठका लावणारे, रात्रीच्या रात्री पायी फिरणारे इथलेच होते. आदिवासी कवी वाहरू सोनवणे त्याच घडणीतून आले. हे काम उलाढालीत कसं मोजणार? त्याला बँक खातंच जवळपास नव्हतं, वर्गणी होती आणि भाकरी होती.

आणखी एक गोष्ट तक्त्यात येत नाही. त्याच काळात शहाद्याच्या सधन शेतकऱ्यांच्या पीक संरक्षण सोसायट्या होत्या. त्यांचे पहारेकरी शेतातल्या चोरीचा आळ घेऊन मजुरांना मारत. कागदावर पाहिलं तर 'लोकांनी एकत्र येऊन काढलेली सोसायटी' त्यांचीच. म्हणजे नुसती नोंदणी मोजली तर त्या काळचं चित्र नेमकं उलटं दिसेल.

२०११ च्या जनगणनेत आदिवासी लोकसंख्या नंदुरबारात ६९ टक्के, धुळ्यात ३२ च्या आसपास, जळगावात १४. एकाच खान्देशात एवढा फरक. त्यामुळे काम उभं राहण्याची रीत वेगळी असणारच. तुम्ही आपापल्या तालुक्याचं लिहा. पहिलं काम कोणी काढलं, पहिला पैसा कुठून आला, निर्णय कोण घेतं. मला हे गोळा करून त्या कंपनीच्या लोकांपुढे ठेवायचं आहे.

केळीचं_पान

भाऊ, चांगला विषय काढला. मी यावलचा, बँकेतून निवृत्त. आमच्या बाजूचं सांगतो.

आमच्याकडे काम सुरू होतं ते शाळेपासून. गावातले चार बागायतदार, एक डॉक्टर, एक वकील, जिनिंगवाला शेठ असे बसतात, शिक्षण मंडळ काढतात. मग त्याच मंडळाचं वसतिगृह, वाचनालय, पुढे कॉलेज. याला मागे मोठा इतिहास आहे. अमळनेरला प्रताप शेठजींनी गिरणीच्या पैशातून शाळेला, कॉलेजला बळ दिलं, १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं. त्याच गावच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिक्षक होते. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. धनाजी नाना चौधरींसारख्या माणसांनी ते अंगावर घेतलं. बांबूच्या कमानी, तट्ट्याचे मंडप, नंदलाल बोसांची सजावट. आमच्या आजोबांच्या पिढीने त्यात स्वयंसेवक म्हणून राबताना जे शिकलं ते पुढे सोसायट्या, सूतगिरण्या, साखर कारखाने काढताना उपयोगी पडलं. माणसं जमवायची, वर्गणी गोळा करायची, हिशेब चावडीवर वाचून दाखवायचा, हे अंगवळणी पडलं होतं.

नंतरच्या काळात उद्योगाचा पैसा आला. जळगावच्या जैन हिल्सवर २०१२ मध्ये गांधीतीर्थ हे गांधीजींवरचं संग्रहालय उभं राहिलं ते उद्योजक भवरलाल जैनांच्या इच्छेतून. जळगाव-भुसावळ भागात देणगीदार गावातच भेटतो. रक्तपेढी काढायची म्हटलं तर चार दुकानं फिरलं की सुरुवात होते. प्रस्ताव लिहायची गरज कितीतरी वर्षं पडलीच नाही.

पण एक मनापासून सांगायचं आहे. यावल, रावेर, चोपडा या तिन्ही तालुक्यांच्या उत्तरेला सातपुडा आहे. तिथे पावरा, तडवी असे आदिवासी आहेत. आमच्या संस्था त्यांच्या पाड्यांवर आरोग्य शिबिरं घेतात, वह्या वाटतात, आश्रमशाळाही चालवतात. विश्वस्त मंडळात मात्र त्यांच्यातला माणूस शोधून सापडत नाही. तक्त्यात जळगाव मधे आहे म्हणून इथे सगळं ठीक, असं कोणी समजू नये.

पांझरापार

धुळ्याहून. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना शिकवते, म्हणून हा विषय रोजचाच.

वरच्या दोन्ही प्रतिसादांत न आलेली एक तिसरी रीत आहे, ती सगळ्यात जुनी. पांझरा काठची फड पद्धत. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, गावाच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात एका हंगामात एकच पीक, कोणतं ते गावाने ठरवायचं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांना मोबदला पिकाच्या वाट्यातून. प्रत्येक शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी, म्हणजे पाणी कमी पडलं तर तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा. दरवर्षी पाटातला गाळ काढायला घरटी माणूस यायचं. शेकडो वर्षं हे चाललं, नोंदणी नाही, घटना नाही.

मग वर धरणं झाली, विहिरी-मोटारी आल्या, ज्याच्याकडे स्वतःची विहीर त्याला फडाची गरज उरली नाही. २००५ मध्ये राज्याने पाणी वापर संस्थांचा कायदा केला. नोंदणी आली, अध्यक्ष-सचिव आले, निवडणूक आली. ज्या गावांत फडाची आठवण ताजी होती तिथे तरी या संस्थांना जुन्या माणसांचा आधार मिळायला हवा होता. मी विद्यार्थ्यांना घेऊन जाते तेव्हा जुन्या पाटकऱ्यांच्या घरी आवर्जून बसते. ते पाण्याच्या पाळीबद्दल जे सांगतात ते संस्थेच्या नियमपुस्तकात कुठेच नाही.

धुळे शहराचा स्वभाव आणखी वेगळा. इथे १९२७ मध्ये इतिहास संशोधनाचं राजवाडे संशोधन मंडळ झालं. कॉम्रेड शरद पाटील इथलेच, १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला आणि साक्री-नवापूर भागात वनजमिनीचा प्रश्न त्या विचाराच्या लोकांनी वर्षानुवर्षं लावून धरला. आणि शेजारीच शिरपूर. तिथे २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले खोल-रुंद करून बंधारे बांधले, त्याला शिरपूर पॅटर्न म्हणतात. त्यामागे अमरीशभाई पटेलांची राजकीय ताकद आणि उद्योगाचा पैसा. पाणी दिसलं, विहिरी भरल्या. पण निर्णय वरून झाला. एका जिल्ह्यात तीन-चार तऱ्हा आहेत, तेव्हा 'धुळे जिल्हा' असा एक आकडा काढणंच फसवं आहे.

डोंगरमाथा

मी धडगाव तालुक्याचा, पावरा. इथे वाचतो नेहमी, लिहितो कमी.

आमच्याकडे घर बांधायचं असलं, निंदणी उरकायची असली की पाड्यातले लोक येतात. मजुरी नसते, जेवण असतं, आणि आपली पाळी आली की आपण जायचं. भांडण झालं तर पंच बसतात. होळीला कोणत्या गावची कधी, हे सगळ्या डोंगराने मिळून ठरवलेलं आहे. बाहेरचा माणूस येतो आणि विचारतो, 'तुमच्या गावात काही संघटन आहे का?' तेव्हा त्याला बचत गटाचं रजिस्टर हवं असतं.

नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या बुडितात महाराष्ट्राची ३३ गावं आहेत, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणीची (अक्राणी म्हणजे आमचाच धडगाव तालुका). पहिलं मणिबेली. १९८० च्या दशकात मेधाताई पाटकर आल्या, आधी धरणग्रस्त समिती, मग १९८९ पासून नर्मदा बचाव आंदोलन. १९९३ मध्ये जागतिक बँकेचं उरलेलं कर्ज बंद झालं. बाहेरच्यांना एवढंच माहीत असतं. आमच्यासाठी मोठी गोष्ट जीवनशाळा. कागदावर सरकारी शाळा होती, मास्तर यायचाच नाही. म्हणून १९९० च्या सुरुवातीला चिमलखेडी, निमगव्हाणला लोकांनीच शाळा काढल्या. कुडाच्या भिंती, गावातलाच शिकलेला पोरगा गुरुजी, आधी आपली बोली, मग मराठी. माझे दोन चुलतभाऊ तिथे शिकले. पाणी चढलं तेव्हा शाळा उचलून वर नेली, परत बांधली.

या शाळांना बाहेरच्यांची मदत मिळाली, ते मान्यच. पण लाकूड, गवत, पोरांचं राखणं, हे गावाचं. ते कोणत्या रकान्यात धरणार?

हिशेबवही

मी जळगावला सीएच्या ऑफिसात आहे, ट्रस्टची कामं बघतो. भावना सगळ्या बरोबर आहेत, पण कागदाचं काय होतं ते सांगतो. फरकाचं एक मोठं कारण तिथे आहे.

महाराष्ट्रात साधी संस्था काढली तर १८६० चा सोसायटी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा, दोन्ही लागतात. दरवर्षी ऑडिट धर्मादाय कार्यालयात. विश्वस्त बदलला की बदल अर्ज. देणगीदाराला करसवलत हवी तर आयकराच्या १२अ आणि ८०जी या नोंदण्या, २०२१ पासून त्याचीही मुदतीने पुन्हा नोंदणी. कंपनीचा सामाजिक निधी हवा तर सीएसआर-१ ही सरकारदरबारची नोंदणी. परदेशी पैसा हवा तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर खातं दिल्लीच्या एकाच शाखेत, कार्यालयीन खर्च २० टक्क्यांच्या आत, आणि एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला पैसे द्यायला बंदी.

ही शेवटची बंदी डोंगरातल्या कामाला फार लागली. आधी काय व्हायचं, पुण्या-मुंबईची मोठी संस्था परदेशी निधी आणायची आणि त्यातला काही भाग धडगाव-अक्कलकुव्याच्या लहान गटाला द्यायची. हिशेबाचं ओझं मोठी संस्था घ्यायची, लहान गट काम करायचा. तो रस्ता बंद झाला. आता मोठी संस्था स्वतःच तालुक्याला ऑफिस उघडते आणि स्थानिक गटातली चांगली पोरं पगारावर घेते. गट मोडतो. तक्त्यात मात्र 'जिल्ह्यात काम करणाऱ्या संस्था' वाढलेल्या दिसतात.

जळगावच्या संस्थेला ट्रस्टी म्हणूनच सीए मिळतो, वकील मिळतो, तोही फुकट. धडगावच्या गटाने तेच करायचं तर घाट उतरून दिवस मोडायचा आणि फी द्यायची. लहान संस्थेचं हे मरण आहे.

वर्धेकर

विदर्भातून थोडी भर घालतो. आमच्याकडे नावाजलेली कामं बरीच आहेत, पण ती कशी आली ते बघा. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला आले. त्या हवेत बाबा आमटे घडले, १९४९ ला आनंदवन, १९७३ ला हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प. १९८६ ला डॉ. बंग दांपत्याने गडचिरोलीत 'सर्च' ही आरोग्याचं काम करणारी संस्था सुरू केली. म्हणजे एक माणूस किंवा जोडपं येतं, आयुष्यभर राहतं, त्याच्याभोवती संस्था वाढते, आणि देशभरातून मदत येते. नगर जिल्ह्यात जामखेडला डॉ. आरोळे दांपत्याचं १९७० पासूनचं काम त्याच जातीचं. मराठवाड्यात १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पुनर्वसनाच्या पैशावर कितीतरी संस्था वाढल्या.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाची गोष्ट मात्र वेगळी. २००९ मध्ये त्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाला तो गावाने वर्षानुवर्षं अभ्यास गट चालवला म्हणून.

माझा प्रश्न असा आहे. सातपुड्यात असं आयुष्य ठेवणारं कुणी आलं नाही का? की आले आणि टिकले नाहीत?

सातपुड्याची_लेक

वर्धेकर दादा, आले. आले आणि राहिलेही. पण त्यांनी दवाखाना किंवा आश्रम काढला नाही, संघटना बांधली. दवाखान्याला देणगी मिळते. जमिनीचा कब्जा परत मागणाऱ्याला देणगी कोण देणार? उलट केसेस मिळतात. आमच्याकडच्या कितीतरी कार्यकर्त्यांचं उमेदीचं वय शहादा-धुळ्याच्या कोर्टाच्या तारखांत गेलं. त्यांच्या नावाने फलक नाहीत, संग्रहालय नाही. म्हणून ते तुमच्यापर्यंत पोचले नाहीत.

शिवाय मी बाई म्हणून एक नोंदवते. १९७३ च्या सुमारास श्रमिक संघटनेच्या शिबिरांनंतर आमच्या बाया गावोगाव दारूची मडकी फोडत गेल्या. नवऱ्याच्या मारहाणीचा प्रश्न त्यांनी भर सभेत काढला. मजुरीच्या लढ्यातून सुरू झालेलं काम बायांनी स्वतःच्या घरापर्यंत नेलं, कोणी प्रशिक्षण दिलं नव्हतं. त्याच्याही आधी, १९३० च्या दशकाच्या शेवटी, तळोद्याकडे गुलाम महाराजांच्या आरतीला हजारो भिल्ल जमायचे, दारू सोडायची शपथ घ्यायचे. ते गेल्यावर भाऊ रामदास महाराजांनी ते चालवलं. म्हणजे बाया मडकी फोडायला निघाल्या तेव्हा दारू सोडण्याची गोष्ट डोंगरात नवी नव्हती.

आता एक रोजचं दुखणं. दिवाळी झाली की आमची गावं रिकामी होतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता घेऊन माणसं बारडोली-सुरतकडे ऊसतोडीला जातात, पोराबाळांसकट. होळीला परत. निधीचं वर्ष मात्र एप्रिल ते मार्च. पैसा मंजूर होऊन हातात येईपर्यंत ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडतो, आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा. म्हणजे पैसा येतो तेव्हा गावात म्हातारी माणसं आणि बकऱ्या. मग संस्था काय करते? रस्त्याकाठच्या, पाणी असलेल्या, स्थलांतर नसलेल्या गावांत कार्यक्रम घेते. तीच गावं दर वर्षी. डोंगरातला पाडा 'सहभाग कमी' म्हणून गळतो. बागायती भागात वर्षाचे बाराही महिने सभा भरते, आमच्याकडे होळी ते दिवाळी. त्यातही पावसाळ्यात नाले आडवे. एवढं जरी पैसा देणाऱ्यांनी लक्षात घेतलं, मंजुरी फेब्रुवारीत दिली आणि एप्रिलला पैसा सोडला, तरी निम्मं काम सुधारेल. याला जादा खर्चही नाही.

गोमाईकाठ

ताई, हा मुद्दा मी सगळ्यात वर घालणार. इतकी वर्षं या भागात राहून कोणत्याही प्रस्तावात मी तो असा स्पष्ट लिहिलेला पाहिला नाही.

दुसरी_बाजू

मी पुण्यात एका कंपनीच्या सामाजिक निधी विभागात आहे. नाव देत नाही. मूळचा पारोळ्याचा, म्हणून हा धागा मनाला लागला.

आमच्या बाजूने काय दिसतं ते लिहितो. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आलं, एप्रिल २०१४ पासून नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामाला. त्याच कलमात लिहिलं आहे की कंपनीचं काम जिथे चालतं त्या स्थानिक भागाला प्राधान्य द्यावं. कारखाने पुणे, ठाणे, रायगडला. म्हणून पैसा तिकडेच फिरतो. २०१८ मध्ये नंदुरबार केंद्राच्या आकांक्षित (मागे राहिलेल्या) जिल्ह्यांच्या यादीत आला, राज्यातल्या चार जिल्ह्यांपैकी एक, तेव्हापासून काही कंपन्या तिकडे वळल्या. पण यादी जिल्ह्याची आहे. धुळे त्यात नाही. त्यामुळे नवापूरच्या पाड्याला पैसा मिळतो आणि हद्दीपलीकडच्या साक्रीच्या तशाच पाड्याला नाही. चोपडा-यावलच्या पावरा वस्त्यांचं तर नावच निघत नाही, कारण जळगाव 'बरा' जिल्हा.

मी अंतर्गत बैठकीत तालुका हे एकक धरा म्हणून आग्रह धरला आहे आणि धरत राहीन. पण मलाही विचारतात, रक्कम द्यायची कोणाला? संघटना पैसा घेत नाही, ग्रामसभेकडे सीएसआर-१ नाही. मग उरतात त्या मोठ्या संस्था.

साक्रीवाला

आमना तालुकानं नाव निंघनं म्हनीसन लिखस. पुढचं मराठीत.

बारीपाडा हे साक्री तालुक्यातलं कोकणा आदिवासींचं लहान गाव. १९९० च्या आसपास भोवतालचं जंगल पार संपलं होतं, बाया पाण्यासाठी लांब जायच्या. चैत्राम पवार शिकून गावात परतले आणि गावाने जंगल राखायला घेतलं. नियम गावाचे, राखणदार गावाचे, कुऱ्हाड लावली तर दंड, दंड न भरणाऱ्याला गावच जाब विचारेल. पुढे शेकडो हेक्टर जंगल परत आलं, झरे आले. २००४ पासून वनभाज्यांची स्पर्धा भरते, बाया जंगलातल्या कंद-पाल्याच्या भाज्या रांधून मांडतात. २०२५ मध्ये चैत्रामभाऊंना पद्मश्री मिळाली. संघ परिवारातल्या वनवासी कल्याण आश्रमाची साथ त्यांना सुरुवातीपासून होती.

मला यात शिकण्यासारखं हे वाटतं. शहाद्याची संघटना डाव्या विचाराची, बारीपाड्यामागचा विचार अगदी दुसऱ्या टोकाचा. तरी दोन्हीकडे काम टिकलं ते गावाने निर्णय स्वतःच्या हातात ठेवला म्हणून. बाहेरची माणसं दोन्हीकडे होती, पण मागे उभी होती. आणि दोन्हीकडे पहिली दहा-पंधरा वर्षं कोणीही 'प्रकल्प पूर्ण' असं म्हटलं नाही. तीन वर्षांचा प्रकल्प करून कोणतं जंगल उगवतं? पैसा लागस, पन पह्यले मानूस लागस, आनि मानूस तयार व्हवाले टाईम लागस.

केळीचं_पान

साक्रीवाला भाऊ, पटलं. पण वेळ लागतो म्हणताना पुढच्या पिढीचंही बोला. आमच्या मंडळांचे विश्वस्त सत्तरीचे झाले, पोरं पुण्या-बंगळुरूला. तिकडे संघटनांचं काय?

डोंगरमाथा

काका, तिकडेही तेच थोडंफार. जीवनशाळेतून शिकलेली पोरं आज शिक्षक आहेत, काही स्पर्धा परीक्षा करतात, काही सुरतला. पण वनहक्काच्या कामाने नवी पोरं ओढली. २००६ चा कायदा आला तेव्हा दावे भरायला मोजणी करावी लागली. जीपीएस घेऊन डोंगर चढणारा, नकाशा वाचणारा गावातच तयार झाला. लोकसंघर्ष मोर्चाच्या हाकेवर नोव्हेंबर २०१८ मध्ये ठाण्याहून मुंबईच्या आझाद मैदानापर्यंत हजारो लोक चालत गेले, त्यात माझ्या वयाचे भरपूर होते. आदिवासी एकता परिषदेचं संमेलन दर जानेवारीत चार राज्यांतल्या कुठल्यातरी गावात भरतं. तिथे गेलं की कळतं आमची सरहद्द मध्य प्रदेशातलं बडवाणी, अलिराजपूर, गुजरातेतलं डांग अशी आहे, मुंबई-पुण्याशी नाही. संस्थेचं कार्यक्षेत्र राज्याच्या हद्दीत थांबतं, आमचे सोयरे थांबत नाहीत.

'दुसरी बाजू' यांना विचारतो. ग्रामसभेला पैसा देता येत नाही असं म्हणालात. पण आमच्या ग्रामसभेला पेसाचा (आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणाऱ्या कायद्याचा) ५ टक्के निधी येतो, २०१५ पासून. ग्रामसभा कोषाचं खातं आहे. सरकारचा पैसा आम्ही वापरू शकतो तर कंपनीचा का नाही?

हिशेबवही

डोंगरमाथा, चांगला प्रश्न. कंपनीने पैसा दुसऱ्याच्या हातात द्यायचा तर नियमात ठरावीक प्रकारच्याच संस्था चालतात: नोंदणीकृत ट्रस्ट, सोसायटी, कलम ८ ची (ना-नफा) कंपनी, किंवा कायद्याने स्थापन झालेली संस्था. ग्रामसभेबद्दल बहुतेक कंपन्यांचे लेखापरीक्षक धजत नाहीत. पण कायदा कंपनीला स्वतः काम करायलाही मुभा देतो. म्हणजे पैसा हस्तांतरित न करता कंपनीने थेट खर्च करायचा. ग्रामसभेने ठराव करायचा: अमुक बंधारा, अमुक रोपवाटिका, अमुक धान्यकोठी. सामान कोणाकडून घ्यायचं, मजुरी किती, हेही ठरावात. बिलं कंपनीच्या नावावर, मजुरी मजुरांच्या खात्यावर. मधे संस्था हवीच असेल तर ती फक्त कागद सांभाळायला, निर्णयाला नाही.

दुसरी_बाजू

हे करता येईल. थेट खर्चात आमच्या माणसांचं काम वाढतं, म्हणून टाळलं जातं, अडचण कायद्याची नाही. ठरावाचा नमुना आणि ग्रामसभेची कोरमची (किमान हजेरीची) नोंद नीट असेल तर मी विभागप्रमुखांपुढे ठेवतो. काम एप्रिल ते ऑक्टोबर या मुदतीत बसवू, ताईंनी सांगितलं तसं.

पांझरापार

ठरावाचा नमुना तयार करायला माझे विद्यार्थी मदत करतील, पण मसुदा गावात बसून व्हावा. पावरी आणि भिलीत वाचून दाखवायची सोय हवी. मराठीत लिहिलेला ठराव हात वर करून मंजूर झाला म्हणजे लोकांना कळला, असं होत नाही.

सातपुड्याची_लेक

आणि सभा बाजाराच्या दिवशी ठेवू नका. धडगावचा बाजार असेल त्या दिवशी बाया सापडणार नाहीत. बायांची सभा आधी वेगळी, मग सगळ्यांची.

गोमाईकाठ

ठीक. मी आतापर्यंतचं असं लिहून काढतो: निधीचं वेळापत्रक स्थलांतर बघून, एकक तालुका, निर्णय ग्रामसभेचा, मुदत तीन वर्षांहून जास्त, आणि तक्त्यात नोंदणीच्या जोडीला गावाने दिलेलं श्रम-सामान धरायचं. मसुदा याच धाग्यावर टाकतो, तुम्ही तपासा.

नवापूर, मुक्ताईनगर, चाळीसगाव इकडचं अजून कोणी लिहिलेलं नाही. चाळीसगावकडे गिरणा धरणामुळे चित्र वेगळं असणार. पहिला पैसा कुठून आला हे जरूर लिहा.

डोंगरमाथा

आमच्या ग्रामसभेत विचारतो. पेसाचे ठराव ज्या वहीत आहेत त्यांचे फोटो चालतील का? टाइप करून द्यायला वेळ लागेल.

हिशेबवही

फोटो चालतील. सह्या-अंगठ्यांचं पान मात्र इथे टाकू नका, ते मला स्वतंत्र निरोपात पाठवा. आधार क्रमांक लिहिलेले असतील तर झाकून.